सांजाक: नकाशावर नाव नसलेला बाल्कनमधला सीमाप्रदेश – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्कनचा विषय निघाला की लोक साराएव्होबद्दल विचारतात, कोसोवोबद्दल विचारतात. या दोहोंच्या मधे डोंगराळ सांजाक पसरला आहे. त्याच्याबद्दल मी कुठेही बोललो की नंतर प्रश्न येतातच, आणि बहुतेक वेळा तेच. म्हणून ते एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. सांजाक हा देश आहे, राज्य आहे की जिल्हा?

आज यापैकी काहीच नाही. तो एक ऐतिहासिक प्रदेश आहे. त्याचा एक भाग नैऋत्य सर्बियात येतो, दुसरा ईशान्य मॉन्टेनेग्रोत. सांजाकचं सरकार नाही, राजधानी नाही, कागदोपत्री हद्दही नाही. सर्बियाने आपल्या वाट्याचा भाग दोन प्रशासकीय जिल्ह्यांत वाटला आहे: नोवी पाझार आणि तुतिन हे रास्का जिल्ह्यात, बाकीची गावं झ्लातिबोर जिल्ह्यात. त्यामुळे सरकारी नकाशात हे नाव शोधून सापडत नाही. तिथल्या माणसाला मात्र ‘तू कुठला?’ विचारलं तर तो बेधडक ‘सांजाकचा’ म्हणतो. हा प्रदेश खरा आहे की नाही याचा मला तरी हाच पुरावा पुरतो.

2. हे नाव कुठून आलं? मराठीत त्याला काय म्हणता येईल?

तुर्की भाषेत ‘सांजाक’ म्हणजे निशाण, झेंडा. उस्मानी साम्राज्यात एका सरदाराच्या निशाणाखालचा जो मुलूख, तोच सांजाक. आपल्या ओळखीच्या शब्दांत सांगायचं तर सुभ्यापेक्षा लहान, परगण्यापेक्षा मोठा. असे सांजाक साम्राज्यभर होते आणि साम्राज्याबरोबर ते गेले. 1865 मध्ये वेगळा काढलेला नोवी पाझारचा सांजाक प्रशासन म्हणून संपला, पण त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं. एका सामान्य प्रशासकीय शब्दाचं असं विशेषनाम झालं.

‘नोवी पाझार’चा अर्थ तर सांगावाच लागत नाही: नवा बाजार. जवळच जुनी बाजारपेठ होती, म्हणून ही नवी. ईसा-बेग इसाकोविच या उस्मानी सरदाराने 1461 च्या सुमारास ती वसवली. साराएव्हो वसवणाराही तोच. फारसी-अरबीतून तुर्कीमार्गे तिकडे गेलेले कितीतरी शब्द आपल्याकडेही आले आहेत. तिथे दुकानाला ‘दुचान’ म्हणतात, साबणाला ‘सापुन’, बदामाला ‘बादेम’. पहिल्या दिवशी पाट्या वाचताना मला घरच्यासारखं वाटलं ते यामुळे.

3. नेमकी कुठली गावं सांजाकमध्ये येतात?

सर्बियाच्या बाजूला सहा: नोवी पाझार, तुतिन, स्येनित्सा, प्रियेपोल्ये, नोवा वारोश आणि प्रिबोय. मॉन्टेनेग्रोच्या बाजूला प्लेव्ल्या, बियेलो पोल्ये, बेराने, रोझाये ही मुख्य. प्लाव आणि गुसिन्येही धरतात, पण ती भानगड वेगळी आहे (प्रश्न 14).

नकाशा डोक्यात बसवायचा असेल तर लिम नदी धरा. ती मॉन्टेनेग्रोतल्या प्लावच्या तळ्यातून निघते, बेराने आणि बियेलो पोल्येवरून सर्बियात शिरते, प्रियेपोल्ये आणि प्रिबोय ओलांडून बोस्नियात जाते आणि तिथे द्रीना नदीला मिळते. एक नदी, तीन देश. सर्बियाची राजधानी बेलग्रेड ते मॉन्टेनेग्रोचं बंदर बार ही 1976 मध्ये पुरी झालेली रेल्वे याच खोऱ्याचा आधार घेत समुद्राकडे उतरते. पूर्वेचा भाग लिमकडे पाठ करून बसलेला आहे: नोवी पाझार रास्का नदीकाठी आहे, आणि रास्का जाऊन मिळते इबारला. मधे पेश्तेरचं उंच पठार. दोन्ही बाजूंची माणसं स्वभावानेही वेगळी, असं तिथलेच लोक सांगतात.

4. काही लोक ‘सांजाक’ न म्हणता ‘रास्का’ म्हणतात. बरोबर कोणतं?

दोन्ही नावांना इतिहास आहे, आणि दोन्हींत राजकारणही. रास हे नोवी पाझारजवळचं मध्ययुगीन सर्बियन राज्याचं केंद्र. बाराव्या शतकात स्तेफान नेमान्या आणि पुढे त्याच्या वंशाने इथूनच राज्य उभं केलं. त्यामुळे अनेक सर्ब लोकांना ‘रास्का’ किंवा ‘रास्का प्रदेश’ हे नाव जवळचं वाटतं आणि ‘सांजाक’ परकी सत्तेची आठवण देतं. बोश्न्याकांना, म्हणजे इथल्या स्लाव्ह मुसलमानांना (प्रश्न 5 आणि 6), ‘सांजाक’मध्ये आपली ओळख दिसते आणि ‘रास्का’ म्हणणं म्हणजे आपल्याला पुसून टाकणं वाटतं.

माझं मत विचाराल तर समोरचा जे नाव वापरेल ते वापरा. लिहिताना मी सांजाक लिहितो, कारण आज या सबंध भागाला जोडणारं, दोन्ही देशांत समजणारं तेवढं एकच नाव आहे.

5. तिथले मुसलमान तुर्क आहेत का?

नाहीत. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागतो. ते स्लाव्ह आहेत. शेजारच्या सर्ब माणसाची जी भाषा, तीच थोड्या फरकाने त्यांची. उस्मानी सत्तेच्या काही शतकांत इथल्या बऱ्याच लोकांनी इस्लाम स्वीकारला. काही अल्बेनियन कुटुंबंही पेश्तेरवर येऊन राहिली आणि हळूहळू स्लाव्ह भाषा बोलू लागली. तुर्की भाषेतले शब्द भरपूर, पण तुर्की बोलणारा सहजी भेटत नाही.

फरक कानाला कळतो तो बारीकसारीक गोष्टींत. कॉफीला सर्ब ‘काफा’ म्हणेल, बोश्न्याक ‘काह्वा’. तो मधला ‘ह’ जपणं ही बोश्न्याक भाषेची खूण आहे. आपला कहवा तो हाच.

सगळा प्रदेश मुसलमान आहे असंही नाही. नोवी पाझार, तुतिन, स्येनित्सा आणि रोझाये इथे बोश्न्याक बहुसंख्य, प्रिबोय आणि नोवा वारोश इथे सर्ब, तर प्रियेपोल्ये, बियेलो पोल्ये ही मिश्र वस्तीची गावं.

6. ‘मुसलमान’ आणि ‘बोश्न्याक’ यात फरक काय? जुन्या पुस्तकांत एक, नव्यांत दुसरं दिसतं.

युगोस्लाव्हियात, म्हणजे सर्बिया, मॉन्टेनेग्रो, बोस्निया ज्या एका देशात होते तिथे, 1960 च्या दशकाच्या अखेरीस ‘मुस्लिमान’ ही राष्ट्रीयत्व म्हणून मान्य झालेली ओळख होती आणि 1971 च्या जनगणनेत ती लोकांनी लावली. लिहिताना पहिलं अक्षर मोठं असेल तर ते राष्ट्रीयत्व, लहान असेल तर धर्म. देव न मानणारा कम्युनिस्टसुद्धा मोठ्या अक्षराचा मुस्लिमान असू शकत होता. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही, त्यामुळे मराठीत हा भेद लिहूनच दाखवता येत नाही, आणि भाषांतरांमध्ये त्याचा बराच घोळ झालेला मी पाहिला आहे.

सप्टेंबर 1993 मध्ये साराएव्होत भरलेल्या सभेत ‘बोश्न्याक’ हे जुनं नाव राष्ट्रीय नाव म्हणून पुन्हा स्वीकारलं गेलं आणि सांजाकमध्येही ते रुजलं. सर्बियाच्या 2022 च्या जनगणनेत दीड लाखाहून थोड्या जास्त लोकांनी स्वतःला बोश्न्याक नोंदवलं. एक लक्षात ठेवा: ‘बोश्न्याक’ म्हणजे समुदाय आणि ‘बोस्नियन’ म्हणजे बोस्नियाचा रहिवासी. सांजाकचा बोश्न्याक बोस्नियन असेलच असं नाही.

7. 1878 मध्ये असं काय झालं की सांजाकचं नाव युरोपभर गाजलं?

बर्लिन परिषद. रशियाकडून हरलेल्या उस्मानी साम्राज्याची वाटणी तिथे झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीला बोस्निया-हर्झेगोव्हिनाचा ताबा मिळाला. सांजाक मात्र उस्मानी राज्यातच राहिला, पण ऑस्ट्रियाला तिथे फौज ठेवण्याचा हक्क मिळाला. 1879 मध्ये प्लेव्ल्या, प्रियेपोल्ये आणि प्रिबोय इथे ऑस्ट्रियन शिबंदी येऊन बसली.

कारण नकाशा पाहिला की उमगतं. सांजाकच्या एका अंगाला सर्बिया, दुसऱ्या अंगाला मॉन्टेनेग्रो. दोघांनाही एकमेकांना भिडायचं होतं, आणि व्हिएन्नाला ते नको होतं. शिवाय याच पट्ट्यातून खाली सालोनिकाच्या बंदराकडे वाट जात होती. एका डोंगरी पट्ट्यावर एवढ्या सत्तांची नजर होती ती यासाठी.

मग 29 वर्षं विलक्षण कारभार चालला. कर, न्याय, पोलीस सुलतानाचे आणि त्याच गावात छावणी सम्राटाची. जानेवारी 1908 मध्ये ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री एरेन्थाल यांनी बोस्नियाच्या हद्दीवरून सांजाकमधून मित्रोवित्सापर्यंत (आज कोसोवोत) रेल्वे नेण्याचा बेत जाहीर केला आणि रशिया खवळला. ती रेल्वे कधीच झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने बोस्निया कायमचा खालसा केला आणि त्या बदल्यात सांजाकमधली फौज काढून घेतली.

8. मग तो दोन देशांत कसा वाटला गेला? एकसंध का राहिला नाही?

1912 च्या शरद ऋतूत पहिलं बाल्कन युद्ध पेटलं. सर्बियाची फौज एका बाजूने आत आली, मॉन्टेनेग्रोची दुसऱ्या बाजूने. 1913 मध्ये दोघांनी हद्द आखली. आजची सीमा बऱ्याच अंशी तीच.

एकत्र राहण्याची एक खरी संधी नंतर आली होती. 20 नोव्हेंबर 1943 रोजी प्लेव्ल्यात, युद्ध चालू असताना, फॅसिझमविरोधी लढ्यातल्या लोकांनी सांजाकची स्वतःची परिषद स्थापन केली. बोस्निया, क्रोएशिया यांच्याही अशाच परिषदा होत्या आणि त्यांतून पुढे युगोस्लाव्हियाची घटक प्रजासत्ताकं झाली. सांजाकचं तसं झालं नाही. 29 मार्च 1945 रोजी नोवी पाझारमध्ये ती परिषद विसर्जित झाली आणि 1913 चीच रेघ पुन्हा ओढली गेली. सोळा महिन्यांचं हे स्वप्न. प्लेव्ल्यात मी एका वृद्ध गृहस्थांशी बोललो, तर त्यांनी दोन्ही तारखा घरातल्या कुणाच्या जन्म-मृत्यूच्या सांगाव्यात तशा सांगितल्या.

एका देशात असेपर्यंत ही रेघ कुणाला टोचत नव्हती. ती टोचू लागली 2006 नंतर (प्रश्न 10).

9. 1990 च्या दशकात बोस्नियासारखं युद्ध तिथेही झालं का?

उघडं युद्ध झालं नाही. म्हणून लोक समजतात की काहीच झालं नाही, आणि हे मला फार लागतं.

ऑक्टोबर 1991 मध्ये तिथल्या मुसलमानांनी स्वायत्ततेसाठी सार्वमत घेतलं; सर्बियाने ते बेकायदा ठरवलं. पुढच्या वर्षी शेजारी बोस्नियात युद्ध सुरू झालं. 22 ऑक्टोबर 1992 रोजी स्येवेरिन गावाहून प्रिबोयला कामावर निघालेल्या लोकांची बस वाटेत अडवली गेली. तो रस्ता थोडा वेळ बोस्नियाच्या हद्दीतून जातो, तिथे. 16 जणांना उतरवून व्हिशेग्रादला नेलं आणि मारलं. 27 फेब्रुवारी 1993 रोजी बेलग्रेडहून बारला जाणारी गाडी श्तर्प्त्सी स्थानकात थांबवली गेली. रेल्वेसुद्धा तिथे काही किलोमीटर बोस्नियातून जाते. प्रवाशांची ओळखपत्रं पाहून, नावांवरून निवडून 20 जणांना उतरवलं. तेही परत आले नाहीत. त्यांतले बहुतेक सांजाकचे बोश्न्याक होते. बऱ्याच जणांचे देह अजून घरच्यांना मिळालेले नाहीत.

मारणारे बोस्नियातले सर्ब निमलष्करी लोक, मारले गेलेले सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोचे नागरिक, आणि जागा अशी की प्रवाशाला आपण हद्द ओलांडली हे खिडकीतून कळतही नाही. सीमाभाग म्हणजे काय हे समजायला मला याहून वेगळं उदाहरण लागलं नाही.

10. मॉन्टेनेग्रो सर्बियापासून स्वतंत्र झाला तर सांजाक आणखी तुटणार होता. मग तिथल्या बोश्न्याकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत का दिलं?

प्रश्न अगदी बरोबर आहे. 21 मे 2006 च्या सार्वमतात 55 टक्क्यांची अट होती आणि निकाल लागला 55.5 टक्के. रोझायेसारख्या बोश्न्याक गावांनी स्वातंत्र्याच्या बाजूने भरभरून मतदान केलं. ती मतं नसती तर अट पुरी झाली नसती. प्लेव्ल्याने मात्र विरोधात कौल दिला.

1990 च्या दशकानंतर बेलग्रेडच्या सत्तेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. लहान देशात आपल्या मताला वजन राहील, असा त्यांचा हिशेब होता. त्याची किंमत म्हणून एका प्रदेशाच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आली. आता रोझायेहून नोवी पाझारला आजारी मावशीला भेटायला जायचं तर सीमेवर कागद दाखवावे लागतात.

11. तुर्कस्तानात सांजाकचे इतके लोक कसे?

1878 नंतर, 1912 नंतर आणि मग 1950 च्या दशकात, अशा लाटांनी लोक गेले. 1950 च्या दशकात युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तानमध्ये समझोता झाल्याने जाणं सोपं झालं. दबाव, गरिबी, आधी गेलेल्या नातेवाइकांचं बोलावणं, सगळंच कारण होतं. इस्तंबूलचा बायरामपाशा भाग अशा कुटुंबांसाठी ओळखला जातो. सांजाकच्या जवळजवळ प्रत्येक घरात ‘इस्तंबूलचे काका’ असतातच.

12. पाहण्यासारखं एकच ठिकाण सांगा.

सोपोचानी. नोवी पाझारपासून फार दूर नाही, रास्का नदीच्या उगमाजवळ. तेराव्या शतकात राजा उरोश पहिला याने हा मठ बांधला. 1689 मध्ये तो जळाला, छताचं शिसं काढून नेलं गेलं, भिक्षू पळाले. नंतर दोनशेहून जास्त वर्षं त्याच्या भिंती उघड्यावर. पाऊस, बर्फ, ऊन. विसाव्या शतकात छप्पर पुन्हा चढलं.

आत शिरून मागे वळलात की पश्चिमेच्या भिंतीवर मेरीच्या मृत्यूचं चित्र आहे. ती पलंगावर निजलेली, भोवती वाकलेले प्रेषित, आणि मधे ख्रिस्त तिचा आत्मा तान्ह्या बाळासारखा हातात घेऊन उभा. पिवळा अजून पिवळा आहे, जांभळट निळा अजून तसाच. काही चेहऱ्यांवरून पाणी ओघळल्याच्या रेघा गेल्या आहेत. मी तिथे बराच वेळ उभा होतो, आणि अजूनही ती भिंत डोळ्यांपुढून जात नाही. रास आणि सोपोचानी 1979 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

दुसरं विचाराल तर प्रियेपोल्येजवळचा मिलेशेवा मठ आणि तिथला ‘पांढरा देवदूत’. तिसरं, नोवी पाझारमधली सोळाव्या शतकातली आल्तुन-आलेम मशीद. एका दिवसात तिन्ही करू नका.

13. पेश्तेर इतकं थंड का? आणि तिथे खायला काय मिळतं?

पेश्तेर हजार मीटरहून उंच आहे आणि चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. निरभ्र रात्री थंड, जड हवा त्या वाडग्यात साचून राहते. काराय्युकिचा बुनारी या गावात पारा उणे 39 अंशांच्या घरात उतरला आहे. सर्बियातले थंडीचे उच्चांक इथलेच. झाडं तुरळक, गवत अमाप, म्हणून मेंढ्या आणि गाई, आणि म्हणून स्येनित्साचं चीज. बेलग्रेडच्या बाजारात ते नावानिशी मागतात.

नोवी पाझारला गेलात तर मांतिये खा. लिंबाएवढे पिठाचे गोळे, आत खिमा, एकमेकांना चिकटवून गोल ट्रेमध्ये भाजलेले. वरून आंबट दही. सकाळीच खातात, दुपारपर्यंत संपतात. शाकाहारी मंडळींनी चीज किंवा बटाटा भरलेला ‘पिता’ नावाचा पापुद्र्यांचा पदार्थ मागावा.

पेश्तेरच्या उत्तरेला उवात्स नदीच्या नागमोडी घळीत गिधाडांची मोठी वसाहत आहे. एके काळी बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. लोकांनी त्यांना नेमाने खाद्य ठेवून ती जगवली.

14. प्लाव आणि गुसिन्ये सांजाकमध्ये धरायची की नाही?

जुन्या अर्थाने नाही, आजच्या अर्थाने हो. ती नोवी पाझारच्या कारभाराखाली नव्हती, पेचच्या (आज कोसोवोत) बाजूला होती. बर्लिन परिषदेने ती मॉन्टेनेग्रोला देऊन टाकली, पण गुसिन्येच्या अली पाशाच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी हत्यार उचललं आणि ताबा घेऊ दिला नाही. शेवटी महासत्तांनी 1880 मध्ये मॉन्टेनेग्रोला त्याऐवजी समुद्रकाठचं उल्चिन्य दिलं. दोन डोंगरी गावांनी बर्लिनचा निर्णय फिरवला. 1912 मध्ये ती मॉन्टेनेग्रोकडे गेलीच. उलट मित्रोवित्सा जुन्या सांजाकमध्ये होतं, पण आज त्याला सांजाक कुणी म्हणत नाही. ते कोसोवोत आहे.

15. भारतीय पासपोर्टवर जाताना काय सांभाळायचं?

सर्बियाने भारतीयांसाठीची व्हिसामुक्त सवलत 1 जानेवारी 2023 पासून बंद केली. जुने प्रवासलेख वाचून विमानाचं तिकीट काढू नका. दूतावासाचे सध्याचे नियम पाहा.

खरी अडचण कोसोवोची. सर्बिया त्याला वेगळा देश मानत नाही, आपलाच भाग मानतो. रोझायेहून पेचला घाट उतरून जाता येतं आणि मोह होतो. पण मॉन्टेनेग्रोतून कोसोवोत जाऊन तिथून थेट सर्बियात शिरायला गेलात तर सर्बियाच्या लेखी तुमची प्रवेशाची नोंदच नसते आणि परत पाठवलं जाऊ शकतं. सर्बियातून कोसोवोत जाऊन सर्बियातच परतणं सोपं. भारताने कोसोवोला मान्यता दिलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

16. सर्बियाच्या पोटात बोस्नियाचं गाव आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. प्रिबोयजवळ सास्तावत्सीला लागून मेजुरेच्ये नावाचा सुमारे चार चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. तो बोस्नियाच्या रुदो तालुक्यात मोडतो, पण चारी बाजूंनी सर्बिया. भारत आणि बांगलादेशाने 2015 मध्ये अदलाबदल करून संपवलेल्या वस्त्या आठवतील, जात तीच. 1878 च्या आखणीत कुणा बेगाच्या इस्टेटीमुळे तो असा राहिला असं तिथे सांगतात, आणि सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते.

अदलाबदलीची बोलणी अनेकदा झाली, तडीस गेली नाहीत. मेजुरेच्येची मुलं रोज शेजारी सर्बियाच्या शाळेत जातात. त्यांच्यासाठी ती वाट म्हणजे गावातलाच रस्ता.